‘पेक्षा’ला इंग्रजीत काय म्हणायचं? तुलना आणि फरक लिहायची पायरी-पायरीने रीत

गेल्या खरिपात कृषी महाविद्यालयाच्या पाच मुली आमच्या गावात कृषिकन्या म्हणून मुक्कामी होत्या. हिंगणघाट तालुक्यातलं हे गाव काळ्या जमिनीचं, कापूस-तूर-सोयाबीनचं. त्यांच्यातल्या एकीला दोन शेतांतल्या सोयाबीनच्या नोंदींवरून इंग्रजीत अहवाल द्यायचा होता. एका संध्याकाळी ती वही घेऊन अभ्यासिकेत आली. पहिल्याच पानावर वाक्य होतं: ‘द यील्ड ऑफ फील्ड वन इज मोअर बेटर अ‍ॅज कंपेअर्ड टू फील्ड टू.’

ते वाक्य मी तसंच फळ्यावर उतरवलं, कारण आमच्या भागातल्या पोरांच्या इंग्रजीत तुलनेच्या ज्या चुका होतात त्यांतल्या बऱ्याचशा या एका ओळीत जमल्या होत्या. ‘बेटर’मध्ये ‘अधिक’ आलेलंच आहे, म्हणून ‘मोअर’ जास्तीचा. ‘बेटर’च्या पुढे ‘दॅन’ हवा, तिथे ‘अ‍ॅज कंपेअर्ड टू’ येऊन बसलं. उत्पादनाची तुलना उत्पादनाशी करायची होती, ती झाली शेताशी. शिवाय उत्पादन मोजताना ते जास्त की कमी हे सांगायचं असतं, तिथे ‘चांगलं’ हा शब्द ढिला पडतो. दुरुस्त वाक्य असं झालं: ‘द यील्ड ऑफ फील्ड वन इज हायर दॅन दॅट ऑफ फील्ड टू.’

तिने विचारलं, “सर, दॅनच्या जागी अ‍ॅज कंपेअर्ड टू लिवलं त काऊन चुकलं? अर्थ त तोच होते ना?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर इंग्रजीच्या आधी आपल्या मराठीत शोधावं लागतं. ते मी तिला जसं सांगितलं, तसंच इथे मांडतो. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. वाचता वाचता प्रत्येक वाक्य वहीत इंग्रजी लिपीत उतरवून घ्या, त्याने हात बसतो. एक सूचना लगेच: तुलनेच्या ‘दॅन’चं स्पेलिंग टी-एच-ए-एन आहे. टी-एच-ई-एन म्हणजे ‘मग’, ‘तेव्हा’. बोलताना दोन्ही जवळपास सारखे ऐकू येतात, कागदावर मात्र चूक लगेच दिसते.

मराठीचं विशेषण हलत नाही

‘कापूस महाग आहे.’ ‘कापूस सोयाबीनपेक्षा महाग आहे.’ ‘कापूस सगळ्यांत महाग आहे.’ तिन्ही वाक्यांत ‘महाग’ हा शब्द जसाच्या तसा राहिला. तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’ने आणि ‘सगळ्यांत’ने उचललं. गावातली म्हातारी माणसं ‘पेक्षा’ऐवजी ‘परीस’ म्हणतील, कुणी ‘सोयाबीनहून’ म्हणेल, पण रचना तीच: नावाला एक शेपूट जोडलं की तुलना झाली.

इंग्रजीत हे ओझं तीन ठिकाणी वाटलेलं असतं. विशेषण स्वतः बदलतं, त्याच्यापुढे ठरलेला जोडशब्द येतो, आणि त्या जोडशब्दापुढे नेमकी त्याच जातीची गोष्ट यावी लागते. मराठीत विचार करणारा माणूस यातलं एखादं ठिकाण हमखास विसरतो. ‘राम इज टॉल दॅन श्याम’ लिहिणाऱ्याला ‘दॅन’ आठवला, विशेषण बदलायचं राहिलं. आपल्या भाषेत तिथे काही बदलतच नाही, म्हणून राहिलं. हे कळलं की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात.

पहिली पायरी: कशाची तुलना कशाशी?

लिहायच्या आधी पेनाने दोन गोष्टींखाली रेघ मारा. दोन्ही एकाच जातीच्या आहेत का ते बघा.

‘चंद्रपूरचं तापमान महाबळेश्वरपेक्षा जास्त असतं’ हे मराठीत कुणालाच खटकत नाही. त्याचं शब्दशः इंग्रजी, ‘द टेंपरेचर ऑफ चंद्रपूर इज हायर दॅन महाबळेश्वर’, मात्र तापमानाची तुलना एका गावाशी करतं. इंग्रजीत तिथे ‘दॅट ऑफ’ घालतात: ‘द टेंपरेचर ऑफ चंद्रपूर इज हायर दॅन दॅट ऑफ महाबळेश्वर.’ पहिला शब्द अनेकवचनी असला तर ‘दोज ऑफ’: ‘द समर्स ऑफ विदर्भा आर हॉटर दॅन दोज ऑफ कोकण.’ हे जड वाटलं तर सरळ तोडगा आहे, गावालाच कर्ता करा: ‘चंद्रपूर इज हॉटर दॅन महाबळेश्वर.’ आता दोन्हीकडे गावं आली आणि ‘दॅट ऑफ’ची गरजच संपली. मी स्वतः मुलांना शक्य तिथे हाच दुसरा मार्ग सुचवतो, कारण वाक्य आखूड राहतं.

‘अनलाइक’ने वाक्य सुरू केलं की हाच खड्डा पुन्हा येतो. ‘अनलाइक कोकण, द सॉइल ऑफ विदर्भा इज ब्लॅक’ यात कोकण आणि माती समोरासमोर आले. ‘अनलाइक कोकण, विदर्भा हॅज मोस्टली ब्लॅक सॉइल’ असं लिहिलं की जोडी जुळते. (भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या पट्ट्यात आणि गडचिरोलीच्या जंगलात माती वेगळी आहे. म्हणून तिथे ‘मोस्टली’ घातलं आहे. तुलना करताना सरसकट विधान टाळायला हा लहानसा शब्द फार कामाचा आहे.)

दुसरी पायरी: विशेषणाला रूप द्या, एकदाच

लहान शब्दाला ‘अर’ लागतो: चीपर, हायर, डीपर. लांब शब्दाआधी ‘मोअर’ येतो: मोअर फर्टाइल, मोअर एक्स्पेन्सिव्ह. दोन्ही एकदम कधीच नाही. आपण ‘जास्त स्वस्त’, ‘अधिक चांगलं’ सहज म्हणतो, त्यातून ‘मोअर चीपर’, ‘मोअर बेटर’ जन्माला येतं.

जोर द्यायचा असेल तर? ‘हे बियाणं खूप चांगलं आहे’ आणि ‘हे बियाणं त्यापेक्षा खूप चांगलं आहे’, मराठीत दोन्हीकडे ‘खूप’ चालतो. इंग्रजीत पहिल्याला ‘व्हेरी गुड’ आणि दुसऱ्याला ‘मच बेटर’ किंवा ‘फार बेटर’ (हा ‘फार’ इंग्रजीचा, एफ-ए-आर). ‘व्हेरी बेटर’ असा प्रयोग नाही. फरक थोडा असेल तर ‘स्लाइटली बेटर’.

‘लेस’ आणि ‘फ्युअर’ यांत आपला ‘कमी’ गोंधळ घालतो. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘फ्युअर’: फ्युअर वेल्स, फ्युअर बुलक्स. न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’: लेस रेन, लेस मॉइश्चर. पण अंतर, पैसे, वजन, वेळ यांची एकगठ्ठा रक्कम असेल तर आकडा असूनही ‘लेस दॅन’ लिहितात: ‘लेस दॅन फाइव्ह क्विंटल्स’, ‘लेस दॅन ट्वेंटी किलोमीटर्स’.

‘कम्पॅरेटिव्हली’ आणि ‘रिलेटिव्हली’ म्हणजे आपलं ‘त्या मानाने’. यांच्यापुढे साधं विशेषण ठेवा आणि ‘दॅन’ आणू नका: ‘द विंटर वॉज कम्पॅरेटिव्हली माइल्ड.’ ‘कम्पॅरेटिव्हली माइल्डर’ म्हणजे एकाच गोष्टीवर दोनदा तुलना.

तिसरी पायरी: जोडशब्द नेमका निवडा

खरी अडचण इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू. मराठीत ‘पेक्षा’ एकटा सगळीकडे धावतो. ‘माझ्यापेक्षा मोठा’, ‘माझ्यापेक्षा वेगळा’, ‘माझ्यापेक्षा वरिष्ठ’, ‘चहापेक्षा कॉफी बरी’. इंग्रजीत या चार वाक्यांना तीन वेगळे जोडशब्द लागतात: ओल्डर दॅन, डिफरंट फ्रॉम, सीनियर टू, प्रिफर कॉफी टू टी.

नियम असा लक्षात ठेवा की ‘दॅन’ला त्याच्या आधी बदललेलं विशेषण किंवा ‘मोअर’, ‘लेस’, ‘फ्युअर’, ‘रादर’ असा सोबती लागतो. ‘अ‍ॅज कंपेअर्ड टू’ला तसा सोबती लागत नाही, कारण तुलना त्या शब्दांतच आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. ‘बेटर’ लिहिलंत की ‘दॅन’ लिहिणं बांधील झालं. ‘अ‍ॅज कंपेअर्ड टू’ किंवा ‘कंपेअर्ड विथ’ वापरायचंच असेल तर वाक्यात साधी माहिती ठेवा: ‘फील्ड वन गेव्ह एट क्विंटल्स, कंपेअर्ड विथ सिक्स फ्रॉम फील्ड टू.’ सरकारी पत्रांत आणि अहवालांत ‘मोअर… अ‍ॅज कंपेअर्ड टू’ इतकं दिसतं की ते बरोबरच वाटू लागतं. परीक्षेत आणि चांगल्या लेखनात ते टाळा.

आता ‘टू’ घेणारे शब्द. सुपीरियर, इन्फीरियर, सीनियर, ज्युनियर, प्रायर हे लॅटिन भाषेतून आलेले आहेत आणि लॅटिनमध्ये ती मुळातच तुलनेची रूपं होती. म्हणून त्यांच्यापुढे इंग्रजीचा ‘दॅन’ येत नाही, ‘मोअर’ही लागत नाही. ‘धिस सीड इज सुपीरियर टू दॅट.’ ‘शी इज सीनियर टू मी बाय टू इयर्स.’ ‘प्रायर टू १९९९, गोंदिया वॉज पार्ट ऑफ भंडारा डिस्ट्रिक्ट.’ हा नियम मी महागात शिकलो. पहिल्या नोकरीच्या अर्जात मी ‘आय अ‍ॅम सीनियर दॅन अदर कँडिडेट्स’ असं लिहिलं होतं आणि मुलाखत घेणाऱ्यांनी त्याच शब्दाखाली लाल रेघ मारून अर्ज माझ्यापुढे सरकवला. तेव्हापासून ‘इयर’ असा शेवट ऐकू आला की मी आधी ‘टू’ लिहितो आणि मग पुढचं नाव.

‘प्रिफर’चंही तसंच: ‘फार्मर्स हिअर प्रिफर कॉटन टू पॅडी.’ पण दोन क्रियापदांची निवड असेल तर ‘रादर दॅन’: ‘ही प्रिफर्स टू वॉक रादर दॅन वेट फॉर द बस.’

‘डिफरंट’ला तीन जोडीदार ऐकू येतात. ‘डिफरंट टू’ ब्रिटनमध्ये बोलण्यात चालतं, ‘डिफरंट दॅन’ अमेरिकेत चालतं, आणि ‘डिफरंट फ्रॉम’ दोन्हीकडे मान्य आहे. आपण ‘फ्रॉम’च पक्कं करावं. पुढे अख्खं वाक्य येत असेल तर ‘फ्रॉम व्हॉट’ लिहा: ‘द व्हिलेज इज डिफरंट फ्रॉम व्हॉट इट वॉज टेन इयर्स अगो.’ मराठीत ‘पेक्षा वेगळा’ म्हणतो म्हणून ‘डिफरंट दॅन’ तोंडात येतं. त्यापेक्षा आपलंच ‘-हून’ आठवा. ‘त्याहून वेगळा’, ‘त्याहून भिन्न’ यातल्या ‘हून’ला ‘घरून’, ‘नागपूरहून’ यांच्यासारखा ‘पासून’चा वास आहे, आणि ‘फ्रॉम’ म्हणजे तोच. ही खूण आमच्या वर्गात चांगली चालली.

‘डिफरन्स’ नाम असेल तर तीन रस्ते. दोन गोष्टींमधला फरक: ‘द डिफरन्स बिट्वीन तूर अँड चना’. इथे ‘बिट्वीन’नंतर ‘अँड’च येतो, ‘टू’ नाही. कशातला फरक: ‘अ डिफरन्स इन प्राइस’. किती रुपयांचा फरक: ‘अ डिफरन्स ऑफ टू हंड्रेड रुपीज’. तिन्ही एका वाक्यात बसवून बघा: ‘देअर वॉज अ डिफरन्स ऑफ टू हंड्रेड रुपीज इन प्राइस बिट्वीन द टू मार्केट्स.’ हे एक वाक्य पाठ असलं की बाजारभावाचा कुठलाही अहवाल निभतो. क्रियापद ‘डिफर’ असेल तर वस्तूंसाठी ‘डिफर फ्रॉम’. माणसाशी मतभेद असेल तर ‘डिफर विथ’ही म्हणतात.

‘कंपेअर’पुढे ‘टू’ की ‘विथ’? उपमा द्यायची असेल तर ‘टू’: ‘द पोएट कंपेअर्स द हिल टू अ स्लीपिंग एलिफंट.’ दोन गोष्टी शेजारी ठेवून तपासायच्या असतील तर ‘विथ’: ‘वी कंपेअर्ड द रेट्स अ‍ॅट हिंगणघाट विथ दोज अ‍ॅट वणी.’ म्हणजे ‘ला… ची उपमा’ तिथे ‘टू’, ‘शी… ची तुलना’ तिथे ‘विथ’. ‘कंपेअर्ड टू लास्ट इयर’ आणि ‘कंपेअर्ड विथ लास्ट इयर’ ही दोन्ही रूपं आता रूढ आहेत, त्यावर वाद घालू नका. आकड्यांच्या लेखनात मी ‘विथ’ ठेवतो, इतकंच.

सारखेपणाचे शब्द

‘सेम लाइक’ हा आपल्याकडचा लाडका प्रयोग. ‘सेम’ची जोडी ‘अ‍ॅज’शी आहे आणि त्याच्याआधी ‘द’ हवा: ‘द रेट इज द सेम अ‍ॅज लास्ट वीक्स.’ ‘सिमिलर’ची जोडी ‘टू’शी: ‘धिस सॉइल इज सिमिलर टू अवर्स.’ ‘सेम’ म्हणजे तोच, ‘सिमिलर’ म्हणजे त्याच्यासारखा. दोन भाऊ सिमिलर असतील, सेम नसतात. ‘अलाइक’ नेहमी मागे राहतो, नामाच्या आधी येत नाही: ‘द टू फील्ड्स लुक अलाइक.’

‘लाइक’ आणि ‘अ‍ॅज’ यांतला फरक समजवायला आपली बोली मोठी उपयोगी आहे. गावात आपण म्हणतो, “तो मास्तरावानी बोलते.” म्हणजे तो मास्तर नाही, पण बोलणं तसं. तिथे ‘लाइक’: ‘ही स्पीक्स लाइक अ टीचर.’ आणि ‘तो मास्तर म्हणून काम करते’ तिथे ‘अ‍ॅज’: ‘ही वर्क्स अ‍ॅज अ टीचर.’ ‘वानी’ म्हणजे ‘लाइक’, ‘म्हणून’ म्हणजे ‘अ‍ॅज’. अर्जात ‘आय वर्क्ड लाइक अ सुपरवायझर’ लिहिलं तर तुम्ही सुपरवायझर नव्हता, असा अर्थ होतो. पोराचा अनुभव खरा असून शब्दापायी खोटा ठरू नये, म्हणून हे फार जपून.

‘इतका’, ‘एवढा’ यासाठी ‘अ‍ॅज… अ‍ॅज’. मधलं विशेषण साधं: ‘अ‍ॅज डीप अ‍ॅज’, कधीही ‘अ‍ॅज डीपर अ‍ॅज’ नाही. ‘इतकाच किंवा त्याहून चांगला’ म्हणायचं तर दोन्ही जोड्या पूर्ण करा: ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज, ऑर बेटर दॅन’. लोक दुसरा ‘अ‍ॅज’ गिळतात. आणि ‘जितका… तितका’साठी दोन्हीकडे ‘द’: ‘द डीपर द सॉइल, द लाँगर इट होल्ड्स मॉइश्चर.’ भारी जमिनीत ओल टिकते हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, त्यामुळे ही रचना मुलांना पटकन बसते.

थोरला आणि मोठा यांचंही इथेच उरकून घेऊ. ‘थोरला’ फक्त नात्यात, म्हणजे ‘एल्डर’: ‘माय एल्डर ब्रदर’. त्यापुढे ‘दॅन’ येत नाही. ‘माझ्यापेक्षा मोठा’ म्हणजे ‘ओल्डर दॅन मी’.

चौथी पायरी: ‘अदर’ विसरू नका

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना डिग्री, म्हणजे विशेषणाचं तुलनेचं रूप, बदलायचा सराव असतो, पण ‘अदर’ का येतो हे फार थोड्यांना कुणी सांगितलेलं असतं. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं. आता ‘ताडोबा इज ओल्डर दॅन एनी नॅशनल पार्क इन महाराष्ट्र’ असं लिहिलं तर ताडोबा स्वतःही त्याच यादीत असल्याने तो स्वतःहून जुना ठरतो. म्हणून ‘ओल्डर दॅन एनी अदर नॅशनल पार्क’. हेच साध्या रूपात: ‘नो अदर नॅशनल पार्क इन महाराष्ट्र इज अ‍ॅज ओल्ड अ‍ॅज ताडोबा.’ आणि ‘सर्वांत’च्या रूपात: ‘ताडोबा इज द ओल्डेस्ट नॅशनल पार्क इन महाराष्ट्र.’

यादी दुसऱ्याची असेल तर ‘अदर’ नको. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे आणि अख्खं गोवा राज्य ३,७०२ चा. ‘गडचिरोली इज लार्जर दॅन एनी डिस्ट्रिक्ट इन गोवा.’ गडचिरोली गोव्यात नाहीच, तेव्हा तिला वगळायचा प्रश्न येत नाही.

‘पैकी एक’ लिहिताना ‘वन ऑफ द’ नंतर नाम अनेकवचनी: ‘वन ऑफ द हॉटेस्ट सिटीज’. मराठीत ‘सर्वांत उष्ण शहरांपैकी एक’ असं आपण अनेकवचनच म्हणतो, तरी इंग्रजीत ‘सिटी’ लिहिलं जातं. आणि गोष्टी दोनच असतील तर ‘सर्वांत’चं रूप न वापरता ‘द लार्जर ऑफ द टू’ लिहा.

पाचवी पायरी: पट आणि टक्के

दुप्पट म्हणजे ‘ट्वाइस अ‍ॅज मच अ‍ॅज’, दीडपट म्हणजे ‘वन अँड अ हाफ टाइम्स अ‍ॅज मच अ‍ॅज’, निम्मं म्हणजे ‘हाफ अ‍ॅज मच अ‍ॅज’. ‘थ्री टाइम्स मोअर दॅन’ टाळा. कुणी तिप्पट समजतो, कुणी मूळ अधिक तिप्पट म्हणजे चौपट. ‘थ्री टाइम्स अ‍ॅज मच अ‍ॅज’मध्ये ही शंका उरत नाही.

‘बाय’ आणि ‘टू’ पण तपासा. भाव चार हजारांवरून पाच हजार झाला तर तो ‘रोज बाय वन थाउजंड’ आणि ‘रोज टू फाइव्ह थाउजंड’. ‘ने’ तिथे ‘बाय’, ‘वर पोचला’ तिथे ‘टू’.

टक्क्यांत मोठी माणसंही अडखळतात. शाळेतली हजेरी ४० टक्क्यांवरून ५० वर गेली तर वाढ १० ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ची आहे. मूळ ४० च्या हिशेबाने ती २५ ‘पर्सेंट’ आहे. दोन्ही खरं, पण शब्द वेगळे. कोणता हिशेब केला ते लिहा.

सहावी पायरी: वाक्य वाक्याला जोडा

‘तर’ आणि ‘मात्र’ यांच्यासाठी ‘व्हेअरअ‍ॅज’ उत्तम. तो एका वाक्याच्या पोटात राहतो: ‘सोयाबीन इज रेडी इन अबाउट अ हंड्रेड डेज, व्हेअरअ‍ॅज तूर स्टँड्स इन द फील्ड मच लाँगर.’ सोयाबीनपाशी पूर्णविराम देऊन ‘व्हेअरअ‍ॅज तूर…’ असं नवं वाक्य केलं तर ते अधांतरी राहतं. ‘व्हाइल’ही चालतो, पण त्याचा ‘असताना’ असाही अर्थ होतो, म्हणून संशय येईल तिथे ‘व्हेअरअ‍ॅज’.

आपल्या ‘उलट’ने मात्र फार नुकसान केलं आहे. ‘उलट’ दोन कामं करतो. एक, आधीचं म्हणणं खोडणं: ‘विहीर आटली नाही, उलट भरली आहे.’ इथे ‘ऑन द कॉन्ट्ररी’: ‘द वेल इज नॉट ड्राय. ऑन द कॉन्ट्ररी, इट इज फुल.’ दोन, दुसऱ्या वस्तूचं वेगळेपण दाखवणं: ‘पूर्व विदर्भात धान होतं, याउलट पश्चिमेला कापूस.’ इथे काहीच खोडलेलं नाही, म्हणून ‘बाय कॉन्ट्रास्ट’: ‘ईस्टर्न विदर्भा ग्रोज पॅडी. द वेस्ट, बाय कॉन्ट्रास्ट, ग्रोज कॉटन.’ ‘ऑन द अदर हँड’ एकाच प्रश्नाची दुसरी बाजू सांगायला: भाव चांगला आहे, दुसरीकडे वेचणीची मजुरी वाढली आहे. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ लिहायचा मोह झाला की आधीच्या वाक्यात ‘नाही’ आहे का ते बघा. नसेल तर बहुतेक वेळा तो शब्द तिथे चुकीचा आहे.

आता अख्खा परिच्छेद

दहावीच्या पेपरात तक्त्यावरून परिच्छेद लिहायला येतो. पुढे परदेशी शिक्षणाच्या परीक्षांतही तेच काम असतं. २०११ च्या जनगणनेचे आकडे घेऊ. नागपूर जिल्हा: लोकसंख्या ४६,५३,५७०, क्षेत्रफळ ९,८९२ चौरस किलोमीटर, घनता ४७०. गडचिरोली: लोकसंख्या १०,७२,९४२, क्षेत्रफळ १४,४१२, घनता ७४.

आधी कच्चा हिशेब वहीच्या समासात करा. लोकसंख्या चारपटीहून जास्त, क्षेत्रफळ उलट्या बाजूने जवळपास दीडपट, घनता सहापटीहून जास्त. सांगण्यासारखी गोष्ट यात एकच आहे: मोठा जिल्हा विरळ आहे. परिच्छेद तिच्याभोवती बांधा. प्रत्येक आकड्याची प्रत्येकाशी तुलना करत बसू नका, वाचणारा थकतो.

‘नागपूर अँड गडचिरोली डिफर शार्पली इन पॉप्युलेशन. इन २०११, नागपूर हॅड अबाउट ४६.५ लाख पीपल, व्हेअरअ‍ॅज गडचिरोली हॅड अबाउट १०.७ लाख. नागपूर्स पॉप्युलेशन वॉज मोअर दॅन फोर टाइम्स दॅट ऑफ गडचिरोली. गडचिरोली, हाउएव्हर, इज द लार्जर ऑफ द टू डिस्ट्रिक्ट्स. इट्स एरिया इज ऑलमोस्ट वन अँड अ हाफ टाइम्स दॅट ऑफ नागपूर. अ‍ॅज अ रिझल्ट, इट हॅड ओन्ली ७४ पीपल पर स्क्वेअर किलोमीटर, कंपेअर्ड विथ ४७० इन नागपूर.’

यात ‘दॅट ऑफ’ दोनदा आला, ‘दॅन’ फक्त ‘मोअर’च्या मागे आला, ‘द लार्जर ऑफ द टू’ आलं, आणि ‘कंपेअर्ड विथ’च्या वाक्यात एकही तुलनादर्शक विशेषण नाही. बोट ठेवून एकेक तपासा.

शेवटी सरावाला चार वाक्यं, आमच्या अभ्यासिकेच्या वह्यांतली. उत्तर बघायच्या आधी दुरुस्त करून ठेवा. ‘अवर वॉटर इज इन्फीरियर दॅन देअर्स.’ ‘द बुलक्स ऑफ माय अंकल आर स्ट्राँगर दॅन माय फादर.’ ‘धिस इयर रेन इज व्हेरी लेस अ‍ॅज कंपेअर्ड टू लास्ट इयर.’ ‘माय व्हिलेज इज डिफरंट दॅन युअर व्हिलेज बट द फूड इज सेम लाइक युअर्स.’

पहिल्यात ‘इन्फीरियर टू देअर्स’. दुसऱ्यात काकाचे बैल बापापेक्षा ताकदवान झाले, तिथे ‘दॅन दोज ऑफ माय फादर’ किंवा सुटसुटीत ‘दॅन माय फादर्स’. तिसऱ्यात ‘देअर इज मच लेस रेन धिस इयर दॅन लास्ट इयर’. चौथ्यात ‘डिफरंट फ्रॉम युअर्स’ आणि ‘द सेम अ‍ॅज युअर्स’.